गेम सोपा करणं हेच तर डिझायनरचं काम

प्रश्न : मी सांगलीत बारावी कॉमर्सला आहे. वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. मला जुने रोल-प्लेइंग गेम (ज्यात आपण एखादं पात्र होऊन खेळतो) फार आवडतात आणि गेम डिझायनर व्हायचंय. पण खप वाढावा म्हणून कंपन्या हे गेम सोपे करत सुटल्यात, त्यात मजा उरली नाही. अशा क्षेत्रात जावं का? बाबा म्हणतात, बी.कॉम. कर आणि दुकानात बस.

उत्तर : पत्रात दोन पानं ‘मॉरोविंड’ या गेमचं कौतुक केलंस, अकरावीचे मार्क मात्र कुठे लिहिले नाहीस! असो.

तुझी तक्रार अर्धी खरी आहे. 2002 च्या ‘मॉरोविंड’मध्ये तलवार शत्रूच्या अंगावर बसलेली डोळ्यांना दिसते, पण आत गेम न दिसणारा फासा टाकतो आणि वार फुकट जातो. नवा माणूस वैतागून गेम बंद करतो. त्याच मालिकेतल्या पुढच्या, 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’ने तो फासा काढला, लागली की लागली. यात काय बिघडलं? पण त्याच गेमने कुठे जायचं त्याची खूण पडद्यावरच्या कंपासवर दाखवायला सुरुवात केली. आधी गावातला माणूस वाट सांगायचा, ती डायरीत वाचून खडक, पूल, फाटे ओळखत जावं लागायचं. चुकायलाही व्हायचं, पण तो मुलूख ओळखीचा व्हायचा. आता खुणेमागे चालत सुटायचं, माणूस काय बोलला ते ऐकलंच नाही तरी चालतं. इथे खरंच काहीतरी गेलं. त्यानंतरच्या 2011 च्या ‘स्कायरिम’ने तर पात्राचे ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे आठही मूळ गुण काढून टाकले. मला त्याचं फारसं दुःख नाही. तू भांडशील, भांड.

बाबांच्या दुकानातच बघ. शेतकऱ्याची हिशोबपट्टी कॉम्प्युटरवर निघायला लागली म्हणून हाताने पट्टी लिहायची आठवण काढून कुणी रडत नाही. पण हळदीची कांडी मोडून आतला रंग बघायचा आणि भाव ठरवायचा, हे कुणी काढून घेतलं तर सौद्यात राहिलं काय? गेममध्ये पट्टी कुठली आणि कांडी कुठली, हे ओळखण्याचा डिझायनरला पगार मिळतो. काही जण कांडीच फेकतात, तुझा राग त्यांच्यावर आहे.

आणि लोकांना सोपंच हवं असतं, हेही पुरतं खरं नाही. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’ या रोल-प्लेइंग गेमचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या 1974 पासूनच्या टेबलावरच्या खेळातून आलेत, चांगलेच किचकट. तिथे संवादात फासा टाकायची वेळ आली की तो पडद्यावर घरंगळताना दिसतो, कशामुळे किती गुण वाढले तेही दिसतं. नवख्यांसाठी सोपा स्तर वेगळा ठेवला. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट गेम तोच ठरला.

आता मुद्द्याचं. आयआयटी मुंबई घेते ती ‘यूसीड’ परीक्षा कॉमर्सवाल्यालाही देता येते, त्यातून बी.डेस. या डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळतो. एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, तिची परीक्षा वेगळी. दोन्हीचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या बरेच आधी भरावे लागतात, तेव्हा वेबसाइट आत्तापासून बघत राहा. स्पर्धा जबर आहे. नाही जमलं तर सांगलीतच बीसीए कर, जोडीला गोडो हे फुकटचं गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, शिक. एनआयडीत डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) आहे, तो रस्ता पदवीनंतरही मोकळा राहतो. पुणं लांब नाही. युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ तिथे आहे, 2020 चा ‘राजी’ हा गेमही पुण्यातल्याच छोट्या टीमचा. पहिली नोकरी डिझायनरची मिळेल असं धरून चालू नकोस. टेस्टिंगपासून सुरुवात झाली तर नाक मुरडू नकोस.

एक काम सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आताच्या खेळाचे पायाभूत नियम 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. ते एका पानात बसव आणि कधीच गेम न खेळलेल्या माणसाला खेळायला बसव. आईला बसवलंस तर उत्तम. मध्ये बोलायचं नाही, नुसतं बघायचं. कुठे अडली, कुठे कंटाळली ते वहीत लिही. मग काय काढलंस, काय ठेवलंस आणि का, तेही लिही. पोर्टफोलिओची सुरुवात तीच. बाबांशी ‘मला गेम बनवायचेत’ एवढंच बोलून वाद घालण्यापेक्षा ती वही त्यांच्यासमोर ठेव. बी.कॉम.चा फॉर्म मात्र भरून ठेव, त्यात तुझं काही जात नाही.