बोर्ड आऊट झालेल्या जवानास

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

"मामा, परत पलटणीत जायचंय, वाट सांगा" असं तू सरळ विचारलंस, म्हणून मीही सरळच लिहितो. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलेल्या जवानाला पुन्हा तीच वर्दी मिळणं जवळजवळ अशक्य आहे. भरतीचं वय तुझं उलटलंय. टेरिटोरियल आर्मी (आपला कामधंदा सांभाळून सेवा करणाऱ्यांची फौज) आणि लष्करी ठाण्यांची राखण करणारं डीएससी, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर, माजी सैनिकांना घेतात खरं, पण मेडिकल तिथेही चुकत नाही. डॉक्टर तुला उकिडवं बसायला लावेल आणि उठताना तुझा हात आपोआप मांडीवर जाईल. मागच्या चतुर्थीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना मी ते पाहिलंय.

मेजर जनरल इयान कार्डोझोसाहेबांचा दाखला दिलास. १९७१च्या युद्धात सुरुंगावर त्यांचा पाय गेला, तरी पुढे त्यांनी बटालियन आणि ब्रिगेडची कमान सांभाळली. त्यांचं नाव घेतलं की आजही माझी छाती फुगते. पण ते सेवेतून बाहेर पडलेच नव्हते, आत राहून त्यांनी आपला हक्क मिळवला. आत असताना मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, सुधारून घ्यायला पुन्हा बोर्डासमोर उभं राहता येतं. डिस्चार्ज झाल्यावर ती सोय उरत नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन लपवून भरतीचा फॉर्म भरायचा सल्ला तुला कोणीतरी दिलाय म्हणे. तो मनातून काढून टाक. भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हा आर्मी ॲक्टच्या कलम ४४ खाली गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुझं रेकॉर्ड आज स्वच्छ आहे, बाळा. ते तसंच राहू दे.

आता जिथे लढायला हवं तिथलं सांगतो. बेळगावला असॉल्ट कोर्सवर उडी घेताना तुझा गुडघा गेला. त्याचा इंजरी रिपोर्ट भरला गेला होता का? बोर्डाच्या कागदावर दुखापत सेवेमुळे झाली असं लिहिलंय, की सेवेशी संबंध नाही असं? टक्केवारी किती धरलीय? अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेत वाढलेलं आहे का, आणि ते किमान २० टक्के आहे का, यावर अपंगत्व पेन्शन ठरते. सरकारी भरतीत माजी सैनिक म्हणून राखीव जागा मागताना पेन्शनचा हाच कागद उपयोगी पडतो. तू मात्र पहाटे उठून वाळपईच्या रस्त्यावर दुखरा पाय घेऊन धावतोस आणि ती फाईल उघडतसुद्धा नाहीस, याचं मला फार वाईट वाटतं. त्या कागदावर तुझ्या घामाचा हिशोब आहे. चुकीचं लिहिलं असेल तर अपील कर. तिथे दाद मिळाली नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे फौजींचं न्यायाधिकरण, आहे, गोव्याची प्रकरणं मुंबईच्या खंडपीठाकडे जातात. अपिलाला मुदत असते, म्हणून दिवस दवडू नकोस.

धावणं महिनाभर बंद ठेव, आधी हाडांच्या डॉक्टरला गुडघा दाखव. पोहायला हरकत आहे का, तेही त्यालाच विचार.

सोमवारी सकाळच्या कदंबा बसने पणजीला ये. मी डिचोलीहून येतो, आपण मिळून सैनिक कल्याण खात्याच्या कचेरीत जाऊ. डिस्चार्ज बुक, बोर्डाची प्रत आणि ऑपरेशनचे कागद घे, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून आण. इंजरी रिपोर्ट मिळाला नाही तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज मी लिहून देतो.

तुझा,
सुभेदारमामा