कोकणात 40 किलोमीटरची घोडेस्वारी ठेवायची तर इतर देशांतले नियम कसे असतात?

तुम्ही विचारलंय की दापोलीजवळ मुरूड-कर्दे पट्ट्यात 10–12 घोड्यांची 40 किलोमीटरची दौड ठेवायची आहे, तर नियम कुणाचे घ्यावेत. माझं स्पष्ट मत: अमेरिकेतले घ्या, आंतरराष्ट्रीय शर्यतीचे नकोत.

फरक घड्याळाचा आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या शर्यती 100 ते 160 किलोमीटरच्या असतात. प्रत्येक टप्प्याअखेर घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळेत मिनिटाला 64 वर यावे लागतात, नाहीतर तो बाद. पण तिथे चुरस पहिल्या नंबराची. सपाट वाळवंटात वेग इतका वाढला की घोड्यांच्या हालांवरून एफईआयने 2015 मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघालाच निलंबित केलं होतं. अमेरिकेत 1955 पासून चालणाऱ्या टेव्हिस कपमध्ये 24 तासांत 100 मैल धडधाकट घोड्यानिशी पुरे करणाऱ्या प्रत्येकाला चांदीचं बक्कल मिळतं. ऑस्ट्रेलियातली टॉम क्विल्टी शर्यत (1966 पासून) त्याच वळणाची.

अमेरिकेतल्या एईआरसी या लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या संघटनेचा 25 ते 35 मैलांचा (सुमारे 40 ते 56 किलोमीटर) गट तुमच्या अंतराला नेमका बसतो. घोडा किमान 4 वर्षांचा हवा. 25 मैलांना विश्रांती धरून 6 तास मिळतात. रेषा ओलांडली म्हणून वेळ थांबत नाही. ठोके 60 वर आले की थांबते, आणि त्यासाठी अर्ध्या तासाची मुदत असते. शेवटच्या टप्प्यात घोडा दामटणाऱ्याचं त्यात नुकसानच होतं. हा एक नियम घेतलात तरी निम्मे अपघात टळतील असं मला वाटतं.

20-20 किलोमीटरच्या दोन फेऱ्या करा, मध्ये 40 मिनिटं विश्रांती. तेव्हा पशुवैद्यक घोड्याच्या डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून 15 सेकंद ठोके मोजून चारने गुणतात. अंगठ्याने हिरडी दाबून सोडली की 2 सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. मग खरी परीक्षा: घोडा सुमारे 40 मीटर दुडकीने न्यायचा आणि तसाच आणायचा. निघाल्यापासून बरोबर 1 मिनिटाने पुन्हा ठोके मोजायचे. आधी 60 आणि आता 60 किंवा 64 असतील तर ठीक. 68 किंवा वर गेले तर तो वरून ताजा दिसला तरी आतून दमलाय किंवा कुठेतरी दुखतंय. दुडकीतच लंगडही कळतं: दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर उडते.

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. मान, छाती आणि पायांच्या आतल्या बाजूला सतत पाणी ओतत राहा. घोड्याच्या घामात मीठ फार जातं, आणि नुसतं पाणी पाजलं की त्याची तहान लवकर मरते. म्हणून आधी 10 लिटरला 90 ग्रॅम मीठ घातलेलं पाणी पुढे करा, लगेच साधं पाणी. पिण्याची जबरदस्ती नको. बरगडीमागची कूस ठोक्याच्या तालावर उडायला लागली तर क्षारांचा तोल गेलाय. त्याची दौड तिथेच थांबवा.

कोरडी पुळण, म्हणजे भुसभुशीत वाळू, टाळा, पायाचे स्नायुबंध तिथेच दुखावतात. ओहोटीच्या आधी-नंतर दीडेक तास ओली वाळू घट्ट मिळते, ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, तेव्हा तारीख पंचांग बघूनच ठरवा. सड्यावरच्या कातळावर नालबंद घोडा घसरतो, तिथे आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर चालतच न्यायचं.

आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी अजिबात चुकवू नका. हा रोग माणसालाही होतो, प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या 2009 च्या कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्तनमुना वेळेत पाठवा, अहवाल आल्याशिवाय नाव नोंदवू नका. सगळ्या घोड्यांना पाण्याची एकच सामाईक डोण तर नकोच. घोडेवाल्याने आपली बादली आपणच आणायची, तिच्यावर घोड्याचा नंबर रंगवायचा.