पावसात भिजल्यावर जुन्या यामाहा आरएक्स १०० बाइकचा स्पार्क गेला. सीडीआय (प्लगला ठिणगीसाठी वीज सोडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) दुरुस्त होतो का?

बहुतेक वेळा होतो, कारण पाणी सहसा सीडीआयच्या आत शिरलेलं नसतं, ते कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या सॉकेटच्या, पिनांवर असतं. आतलं सर्किट इपॉक्सीत, म्हणजे कडक झालेल्या राळेत, बुजवलेलं असतं. गॅरेजमध्ये वायरिंगचं काम करताना मी हेच बघत आलोय: कपलर ओढला की पितळी पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड दिसते, आणि कधी एखादी पिन मागे सरकलेली असते.

इंजिन बंद करून थोडं थांबा, मगच हात घाला. आतला कपॅसिटर शेकडो व्होल्टवर चार्ज होतो, झटका जोरात बसतो. पिना कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने घासा, सैल टर्मिनल हलकेच दाबून घट्ट करा, डबी पंख्याखाली दिवसभर वाळवा. हीटगन नको, इपॉक्सीला तडा जातो. जोडताना कपलरवर डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं) लावा आणि वायरी खाली झोल देऊन बांधा, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. सीडीआयला दोष देण्याआधी प्लग कॅप, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) आणि पिकअप कॉइलची (सीडीआयला स्पार्कची वेळ सांगणारी कॉइल) वायर मात्र तपासाच.

पण इपॉक्सीला चीर दिसत असेल, किंवा गाडी थंड असताना चालू होऊन तापल्यावर स्पार्क जात असेल आणि कॉइल ठीक असतील, तर खरवडत बसू नका. सीडीआय बदला, आणि त्याच मॉडेलचा घ्या. एसीवर (इंजिनमधल्या कॉइलच्या विजेवर) चालणाऱ्याच्या जागी डीसीवर (बॅटरीवर) चालणारा चालत नाही.