होल्डिंग कंपनी : धारक, पालक की सूत्रधारी?

विचारणा अशी आहे : माँट्रियलच्या 'पॉवर कॉर्पोरेशन ऑफ कॅनडा'वरील मजकूर मराठीत आणताना 'होल्डिंग कंपनी'साठी, म्हणजे इतर कंपन्यांचे शेअर बाळगून त्यांच्यावर ताबा ठेवणाऱ्या कंपनीसाठी, 'धारक कंपनी' चालेल का? आणि नावाचे 'वीज महामंडळ' करावे का?

नावाला हात लावू नये. 1925 मध्ये ही कंपनी वीज कंपन्यांचे शेअर बाळगण्यासाठी निघाली, नाव तिथूनच आले. पण आज तिचा मुख्य पैसा ग्रेट-वेस्ट लाइफको या विमा कंपनीत आणि आयजीएम या गुंतवणूक कंपनीत आहे. शिवाय 'महामंडळ' म्हटले की मराठी वाचकाला सरकारच दिसते. ही कंपनी खासगी क्षेत्रातली, देमारे कुटुंबाच्या ताब्यातली.

'धारक' अपुरा पडतो. दहा शेअर घेणाराही भागधारकच! इथे बाळगण्यापेक्षा ताबा महत्त्वाचा. समजा, 'अ'कडे 'ब'चे 60 टक्के शेअर आणि 'ब'कडे 'क'चे 60 टक्के. 'क'च्या नफ्यात 'अ'चा वाटा 36 टक्केच, पण 'क'चे संचालक कोण हे 'अ'च ठरवणार. ही दोरी ज्या शब्दात दिसते तो 'सूत्रधारी', आणि तो आपल्याकडे रुळलेलाही आहे : 6 जून 2005 रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले तेव्हा महावितरण, महापारेषण, महानिर्मिती यांच्यावर आली ती 'सूत्रधारी कंपनी'च. मात्र शेवटचा 'री' गाळू नका. 'सूत्रधार' म्हटले की गुन्ह्याची बातमी आठवते. 'पालक कंपनी' चुकीचे नाही, पण पालक कंपनी स्वतःही कारखाना चालवत असू शकते.

खरी चूक होते ती माध्यमांविषयी लिहिताना. 'ला प्रेस' हे दैनिक 'जेस्का' या उपकंपनीमार्फत पॉवरकडे होते, तेव्हा 'सूत्रधारी' बरोबर. 2018 मध्ये पॉवरने 5 कोटी कॅनेडियन डॉलर देऊन ते एका न्यासाच्या हवाली केले. त्यानंतरच्या काळासाठी 'पॉवरचे वृत्तपत्र' लिहिणे चूक. बर्टल्समान या जर्मन माध्यमसमूहाचे उदाहरण आणखी नाजूक आहे. पॉवर आणि बेल्जियमचे फ्रेर कुटुंब यांच्या संयुक्त पकडीतल्या 'ग्रुप ब्रुसेल लाँबेर' या गुंतवणूक कंपनीकडे 2001 ते 2006 या काळात त्याचे 25.1 टक्के शेअर होते. निम्म्याहून कमी, म्हणून बर्टल्समान तिची उपकंपनी नव्हे. तिथे 'भागधारक' हाच शब्द हवा.