कवळीने माझा जबडा बिघडवला का?

दंतवैद्य माझ्याकडे पाठवतात त्या ज्येष्ठांच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्यावर एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. ओळख पटेल असे तपशील बदलून एका काकूंचा अनुभव सांगते.

वय ६८, तोंडात एकही दात नाही, अकरा वर्षांची जुनी कवळी. कानापुढे ठणका लागे आणि सकाळी जबडा आखडलेला असे. सांधा कायमचा झिजला, अशी त्यांची खात्री झाली होती. दंतवैद्यांचे निदान वेगळे होते: कवळीचे दात झिजले होते आणि खालच्या हिरडीचे हाड खचले होते, त्यामुळे तोंड मिटताना खालचा जबडा हवा त्यापेक्षा वर चढत होता आणि खालची कवळी सैल झाली होती. तरीही नवी कवळी करून घ्यायला काकू तयार नव्हत्या.

“आत्ता, माझ्याशी बोलत नसताना, दात कुठे आहेत?” मी एका भेटीत विचारले.

त्या बराच वेळ थांबल्या. “एकमेकांवर दाबून धरलेत. सोडले तर खालची कवळी उचलते.”

“आणि रात्री?”

“रात्रीही तोंडातच असते, ताई. यांनी मला बिनदातांची कधी पाहिलेलीच नाही.”

एवढे बोलून त्यांनी हात तोंडावर नेला. त्या हाताकडे पाहताना मला दुखण्याचे मूळ दिसले. लाज आधी शरीराच्या सवयीत उतरते आणि शब्दांत फार उशिरा येते, असे मी वर्षानुवर्षे मानत आले आहे. काकूंचे स्नायू कवळीबरोबर त्यांचे गुपितही आवळून धरत होते. दात एकमेकांना टेकायला हवेत ते चावताना आणि गिळताना. एरवी त्यांच्यात साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. तेच अंतर दिवसरात्र नाहीसे झाले, तर स्नायू थकणारच.

म्हणून माझे सांगणे असे की, सगळा दोष कवळीवर टाकू नये आणि तिला पूर्ण निर्दोषही मानू नये. सैल वा झिजलेली कवळी दंतवैद्यांकडून दुरुस्त करून घ्यावी, दरवर्षी तपासून घ्यावी आणि झोपताना काढून पाण्यात ठेवावी. दिवसा आठवण होईल तेव्हा ओठ मिटलेले ठेवून दात सुटे सोडावेत. न दुखता सांधा नुसता वाजत असेल, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. मात्र तोंड उघडेनासे झाले, किंवा चावताना जबडा दुखून डोकेदुखी वा अंधुक दिसणे सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

काकूंनी पतीला सांगायला तीन आठवडे घेतले. नवी कवळी त्यानंतर झाली, आणि ठणका हळूहळू ओसरला. शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, “आता पाण्याची वाटी तेच भरून उशाशी ठेवतात.”