झाकण बसेल का?

प्रश्न : ताई, घरी रॅक आहे, म्हणजे उपकरणं एकावर एक बसवायची लोखंडी चौकट. त्यात नेटवर्क स्विच आणि फोटो-फायलींचा छोटा सर्व्हर बसवलाय, खाली बरीच जागा रिकामी आहे. गेमिंगचा टॉवर मोडून त्याचे भाग रॅकच्या केसमध्ये हलवावेत असं मनात आहे. केस २ यू घेऊ की ४ यू? ग्राफिक्स कार्डाची लांबी ३३० मिमी आहे, प्रोसेसरचा कूलर नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५. रॅकला काचेचं दार आहे आणि टेबल तिथून आठ मीटरवर. पंख्यांचा आवाज फार होईल का?

उत्तर : ४ यू घ्या. यात दुसरा विचारच करू नका. यू हे रॅकमधल्या उंचीचं माप. १ यू म्हणजे ४४.४५ मिमी, म्हणजे २ यूची केस जेमतेम ८९ मिमी उंच. साधं पूर्ण उंचीचं कार्डसुद्धा १११ मिमी असतं, ते तिथे उभं राहतच नाही. रायझर, म्हणजे कार्ड वळवून बसवायचा जोडतुकडा, लावून आडवं केलं तरी तुमच्या जाडजूड कार्डाला श्वास घ्यायला जागा उरणार नाही. शिवाय पंखे ८० मिमीचे बसतात. तेवढीच हवा ढकलायला त्यांना कितीतरी जोरात फिरावं लागतं, आणि कानाला त्रास होतो तो त्यानेच. ४ यूमध्ये १२० मिमीचे पंखे बसतात, तेही तुमच्या टेबलापासून आठ मीटर लांब. आवाजाची काळजी सोडा.

काळजी करायची ती उंचीची. तुम्ही कार्डाची लांबी कळवलीत, उंची नाही. मीही नेमकं हेच केलं होतं. लांबी तीनदा मोजली, पुढचा ड्राइव्हचा पिंजरा काढून टाकला, संध्याकाळभर बसून सगळं जोडलं. उघड्यावर मशीन छान चाललं. मग झाकण सरकवायला गेले तर ते बोटभर वर अडलं. कार्डाच्या माथ्यावर जिथे वीज जोडतात, तिथल्या केबलवर. क्षणभर हाताने दाबून बघितलं आणि थांबले. थांबले ते बरं झालं. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरची केबल पहिले ३५ मिमी तरी सरळ राहिली पाहिजे. त्याआधीच वाकवली तर पिना तिरक्या ओढल्या जातात, संपर्क सैल होतो आणि जोड तापतो. झाकणाखाली हे घडलं तर दिसणारही नाही. ते कार्ड मी पुन्हा टॉवरमध्ये नेलं आणि रॅकसाठी कमी उंचीचं, मागच्या टोकाला कनेक्टर असलेलं घेतलं.

म्हणून आज टॉवरची बाजू उघडा. मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून कार्डाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यात ३५ मिळवा. ४ यूच्या केसमध्ये बोर्डापासून झाकणापर्यंत साधारण १६५ मिमी मिळतात. तुमची बेरीज त्याच्या आत आली तर पुढे जा. काटकोनी अ‍ॅडॉप्टर लावून सुटका करून घ्यायचा मोह होईल, पण मी तो लावत नाही. इतकी वीज जिथून वाहते तिथे आणखी एक जोड मला नको.

तुमचा कूलर १६५ मिमीचा आहे, तो नाहीच बसणार. त्याच घराण्यातला एनएच-यू९एस १२५ मिमीचा आहे, तो आरामात बसतो. प्रोसेसर फार तापट असेल तर मात्र समोर पाण्याने गार करणाऱ्या कूलरचा तीन १२० मिमी पंख्यांचा रेडिएटर मावेल अशी केस शोधा. कूलरची हवा मागच्या बाजूला जाईल असाच तो फिरवून बसवा, कारण रॅकमध्ये हवा पुढून शिरते आणि मागून बाहेर पडते. आणि म्हणूनच ते काचेचं दार काढा. जाळीचं मिळालं तर लावा, नाहीतर उघडंच राहू द्या. बंद काचेमागे तीच गरम हवा फिरत राहते.

एक सुख मात्र इथे टॉवरपेक्षा जास्त आहे. बोर्ड आडवा असल्यामुळे जड कार्ड ताठ उभं राहतं, टॉवरमधल्यासारखं स्वतःच्या वजनाने खाली झुकत नाही.

केस समोरच्या दोन कानांवर, म्हणजे रॅकला स्क्रूने बसणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांवर, टांगू नका. ते कान केस पुढे सरकू नये म्हणून असतात, वजन पेलायला खाली शेल्फ किंवा रेल हवेत. रॅकची खोली मोजताना मागे तारा वळायला हातभर नाही तरी वीतभर जागा धरा.

राहिले ते आठ मीटर. वेगवान एचडीएमआयला साधी तांब्याची केबल इतक्या अंतरावर दगा देते, ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी, घ्या. तिची दोन टोकं वेगळी असतात, एक कॉम्प्युटरकडचं, एक पडद्याकडचं. भिंतीतून ओवण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा आणि पडद्याकडच्या टोकाला चिकटपट्टी लावा. कीबोर्ड-माउसची साधी यूएसबी २ केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची. तिथे अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन (सिग्नलला जोर देणारी वाढीव केबल) आणि टेबलावर एक हब ठेवा.