वजन, तोफा आणि पाण्याची खोली : युद्धनौकांविषयी वाचकांचे प्रश्न

येत्या ४ डिसेंबरच्या नौदल दिनानिमित्त युद्धनौकांच्या इतिहासावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही, तरीही पत्रे भरपूर आली आणि त्यांतील बरीचशी अभ्यासपूर्ण आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जहाज किती वजन वाहू शकेल याला मर्यादा असते आणि ते वजन तोफा, संरक्षण, वेग व इंधन यांत वाटून द्यावे लागते. ही वाटणी कोणत्या समुद्रासाठी आणि कोणत्या शत्रूसाठी केली होती, हे समजले की जहाजाचा आकार का तसा आहे ते उलगडते.

प्रश्न : अजिंठ्याच्या लेण्यांत शिडांच्या जहाजाचे चित्र आहे. ते युद्धनौकेचे आहे का? आपल्या भागाचा सागरी युद्धाशी काही संबंध होता का? (एक शिक्षक, सिल्लोड)

लेणे क्रमांक २ मधील ते जहाज व्यापारी आहे. त्याला तीन डोलकाठ्या असून त्यांवर उंच, अरुंद शिडे आहेत, सुकाणूसाठी मागच्या बाजूला मोठी वल्ही अडकवलेली आहेत, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, डोळे रंगवलेले आहेत आणि छताखाली रांजण मांडून ठेवलेले दिसतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या व्यापाऱ्याला माल आणि पिण्याचे पाणी यांसाठी जागा हवी असते, माणसे मात्र थोडकी पुरतात, म्हणून त्याची भिस्त शिडांवर असते. तोफ येण्यापूर्वीच्या युद्धनौकेचे गणित नेमके याच्या उलट होते. तिचे शस्त्र म्हणजे तिच्यावरची माणसेच होत. वाऱ्याची वाट न पाहता शत्रूच्या जहाजाला भिडता यावे म्हणून तिला वल्ह्यांच्या रांगा लागत आणि वल्हेकरी व धनुर्धारी यांची गर्दी वाहून न्यावी लागे. एवढ्या माणसांना पुरेल इतके पाणी व शिधा बरोबर घेणे अशक्य असल्याने ती किनाऱ्यापासून फार दिवस दूर राहू शकत नसे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. देवगिरीच्या यादवांनी समुद्रावर युद्ध केले होते, ही गोष्ट आपल्याच भागात फारशी सांगितली जात नाही. इ.स. १२६५ च्या सुमारास महादेव यादवाने उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडून मरण पावला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवले आहे. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर) उंच नाळेच्या, वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. ते याच संग्रामाचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. दौलताबादचा किल्ला मुलांना दाखवताना ही हकीकत जरूर सांगावी.

प्रश्न : मराठ्यांचे आरमार पराक्रमी होते, तर आपल्या जहाजांवर युरोपीय जहाजांइतक्या तोफा का नव्हत्या? आपले कारागीर कमी पडले का? (बीड)

कारागीर कमी पडले नाहीत, हे आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्या पाण्यात लढायचे त्या पाण्याला साजेशी जहाजे त्यांनी बांधली. युरोपीय मोठ्या युद्धनौकेत दोन किंवा तीन मजल्यांवर दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असत. इतके वजन पेलून जहाज कलंडू नये म्हणून त्याचे पोट खोल ठेवावे लागे. ब्रिटिशांच्या १०४ तोफांच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाला तरंगण्यासाठी जवळजवळ २९ फूट पाणी लागत असे. कोकणातील खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध असतात आणि ओहोटीला पाणी उतरते, त्यामुळे असे जहाज आपल्या बंदरांत आणायचे तर भरतीची वाट पाहत बाहेर ताटकळावे लागले असते.

मराठ्यांचे आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांची ‘गुराब’ ही युद्धनौका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद, पण पाणी फार कमी घेणारी होती. तिचा पुढचा भाग निमुळता होत जाऊन नाळ लांब बाहेर आलेली असे आणि पुढील आडव्या भिंतीला भोके पाडून तेथे नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा सरळ समोर रोखलेल्या असत. कडेलाही काही हलक्या तोफा असत, पण मुख्य मारा पुढूनच होई. तिच्या सोबतीला गलबते असत. ही सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची आणि फिरत्या लहान तोफांची होती.

आता लढाईची रीत पाहा. मोठे जहाज दृष्टीस पडले की आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते बंदरातून बाहेर पडत. वारा पडलेला असेल तर गलबते वल्ही मारत गुराबांना दोरांनी ओढून नेत, आणि अशा वेळी शिडांवर अवलंबून असलेले शत्रूचे जहाज जागचे हलू शकत नसे. गुराबा त्याच्या पाठीमागे गोळा होत, कारण तेथे त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा पोहोचत नसे. मग समोरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या पाडल्या जात. जहाज लुळे पडले की ते चहूकडून घेरायचे, आणि तरीही ते नमले नाही तर गलबतांतील माणसे तलवारी घेऊन त्यावर चढत. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी इंग्रजांचे ‘डर्बी’ हे जहाज घेतले, तेव्हा त्याच्या डोलकाठ्या अशाच तोडल्या गेल्या होत्या. त्याआधी १६७९ मध्ये खांदेरीच्या वेढ्यात शिवाजी महाराजांच्या लहान होड्यांनी इंग्रजांच्या पहाऱ्यातून रात्रीच्या वेळी रसद पोहोचवली. उथळ पाण्यातून निसटण्याचा गुण तेथे कामी आला.

या बांधणीच्या मर्यादाही होत्या. खुल्या समुद्रात, जोरदार वाऱ्यात, मोठ्या जहाजांच्या रांगेसमोर गुराबांचे काही चालत नसे, आणि बंदरात नांगरून पडलेल्या आरमाराला तर आपल्या चपळाईचा काहीच उपयोग नव्हता. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनने विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याजवळ एकत्र उभी होती. इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकून घेतलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटले आणि आगीत सारे आरमार भस्मसात झाले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने उभे होते. आमच्या मते विजयदुर्गाला जे घडले त्याचा दोष जहाजांच्या बांधणीकडे फार थोडा जातो. आपलेच आरमार बुडवायला आपणच परक्यांना साथ दिली, हे त्याचे खरे कारण आहे, आणि त्याची खंत आजही वाटते.

प्रश्न : आमच्याकडे सागाचे जंगल आहे. युद्धनौकांसाठी साग वापरत असत का? (किनवट)

वापरत असत, आणि सागी जहाजांचा लौकिक फार मोठा होता. युरोपात युद्धनौका ओकच्या लाकडाच्या असत. ओक मजबूत असतो, पण त्यातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात आणि उष्ण, दमट हवेत तो लवकर कुजतो. सागातील तेलामुळे खिळे टिकतात व लाकूडही सडत नाही. सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईत आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी सागाच्या युद्धनौका बांधल्या. १८४२ मध्ये ब्रिटन व चीन यांच्यातील नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला ते मुंबईचेच होते, आणि १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

लोखंड आल्यावरही सागाचे काम संपले नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये तुर्कस्तानच्या सिनोप बंदरात रशियन जहाजांनी स्फोटक गोळे वापरून तुर्कांचा लाकडी ताफा जाळून टाकला, आणि लाकडी भिंतींवर यापुढे विसंबता येणार नाही हे उघड झाले. फ्रान्सने १८५९ मध्ये लाकडी सांगाड्यावर लोखंडी पत्रे चढवलेले ‘ग्लुआर’ पाण्यात उतरवले. त्याला उत्तर म्हणून ब्रिटनने १८६० मध्ये पूर्ण लोखंडी सांगाड्याचे ‘वॉरिअर’ उतरवले. त्याच्या चिलखतात साडेचार इंच जाडीचे लोखंडी पत्रे होते आणि त्यांच्या पाठीमागे तब्बल १८ इंच जाडीचा साग होता. गोळ्याच्या आघाताने पत्रा तडकू नये म्हणून तो धक्का लाकडात जिरवण्याची ही योजना होती.

प्रश्न : लोखंडी जहाज पाण्यावर तरंगते याचे शास्त्र आम्ही शिकलो आहोत. मग संपूर्ण जहाजाला हवे तेवढे जाड चिलखत का चढवत नाहीत? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, लातूर)

तरंगण्यासाठी जहाजाने स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारले म्हणजे पुरते. युद्धनौकेच्या रचनाकारापुढचा प्रश्न याच्या पुढचा असतो : वजन किती, यापेक्षा ते किती उंचीवर आहे. वर सांगितलेल्या ‘वॉरिअर’चेच उदाहरण घ्या. ३८० फूट लांबीच्या त्या जहाजाला चिलखत होते ते फक्त मधल्या २१३ फुटांना. दोन्ही टोके उघडी ठेवावी लागली होती.

उंचीवरच्या वजनाचा धडा ‘कॅप्टन’ या ब्रिटिश जहाजाने शिकवला. फिरत्या बुरुजात तोफा बसवल्या की त्या हव्या त्या दिशेला वळवता येतात, ही कल्पना कूपर कोल्स या नौदल अधिकाऱ्याने हिरिरीने मांडली होती आणि ती योग्यच होती. मार्च १८६२ मध्ये अमेरिकेतील ‘मॉनिटर’ने अशाच बुरुजाच्या बळावर हॅम्प्टन रोड्सची लढाई लढवली होती. मात्र ‘मॉनिटर’ला शिडे नव्हती. कोल्स यांना बुरुजही हवे होते आणि महासागर ओलांडण्यासाठी उंच डोलकाठ्यांची पुरी शिडेही हवी होती. बुरुजांचे वजन खाली राहावे म्हणून जहाजाची कड पाण्यापासून अवघी साडेआठ फूट उंच ठेवायचे ठरले. बांधणीत वजन वाढत गेले आणि प्रत्यक्षात ती साडेसहा फुटांच्या आसपास राहिली. जहाज कलले की त्याची बुडणारी बाजू जास्त पाणी सारते आणि त्यामुळे ते पुन्हा सरळ होते, पण ही क्रिया कड पाण्याच्या वर असेपर्यंतच जोर धरते. ‘कॅप्टन’च्या बाबतीत साधारण २१ अंशांनंतर हा सावरण्याचा जोर घटू लागत असे. सप्टेंबर १८७० मध्ये स्पेनजवळच्या समुद्रात एका वादळी रात्री ते शिडांसह उलटले. चारशे सत्तरहून अधिक माणसे बुडाली आणि त्यांत स्वतः कोल्सही होते. त्याच ताफ्यातले, त्याच रात्री तेथेच असलेले, उंच कडेचे ‘मोनार्क’ मात्र सुखरूप राहिले. यानंतर मोठ्या युद्धनौकांवरून शिडे हळूहळू नाहीशी झाली आणि जहाज बांधण्यापूर्वी स्थैर्याचे गणित करणे व लहान प्रतिकृती पाण्यात ओढून पाहणे यांना खरी प्रतिष्ठा मिळाली. आपण अभियांत्रिकी शिकत आहात, तर नौकाबांधणीच्या या शाखेचा विचार अवश्य करावा.

प्रश्न : प्रचंड तोफांच्या बॅटलशिप का संपल्या? (परभणी)

विमानांमुळे. १९०६ च्या ‘ड्रेडनॉट’पासून तोफा आणि चिलखत वाढवण्याची जी चढाओढ सुरू झाली, ती जपानच्या ‘यामातो’पर्यंत पोहोचली. तिच्या नऊ तोफांचा व्यास प्रत्येकी ४६ सेंटिमीटर होता आणि त्यांचा पल्ला सुमारे ४२ किलोमीटर होता. विमानवाहू नौकेवरील विमाने त्याच्या कित्येक पट दूरवरून येऊ लागल्यावर त्या पल्ल्याला अर्थ उरला नाही. ७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी ‘यामातो’ बुडवली. तिच्या तोफांच्या टप्प्यात शत्रूचे एकही जहाज त्या दिवशी आले नव्हते.

प्रश्न : १९७१ मध्ये कराचीवर हल्ला करणाऱ्या नौका खरोखरच लहान होत्या का? (जालना)

होत्या. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौका होत्या. प्रत्येकीचे वजन दोनशे टनांहून थोडे अधिक, म्हणजे आंग्र्यांच्या गुराबेच्या आसपासचे होते. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे होती आणि एकेकात सुमारे अर्धा टन स्फोटके होती. अशा क्षेपणास्त्रांची ताकद जगाने ऑक्टोबर १९६७ मध्ये पाहिली होती, जेव्हा इजिप्तच्या नौकांनी बंदरातूनच मारा करून ‘एलात’ ही इस्रायली विनाशिका बुडवली.

या नौका मुळात स्वतःच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या होत्या. त्यांचे इंधन लवकर संपत असे आणि कराची त्यांच्या आवाक्याबाहेर होती. भारतीय नौदलाने त्यांना मोठ्या जहाजांच्या दोरांनी ओढत सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत नेले आणि पाणबुडीविरोधी दोन नौका सोबत देऊन तेथून पुढे पाठवले. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निर्घात’ने पाकिस्तानची ‘खैबर’ आणि ‘वीर’ने ‘मुहाफिज’ ही युद्धनौका बुडवली, ‘निपात’ने कराची बंदरातील केमारीच्या तेलाच्या टाक्यांवर मारा केला, आणि तिन्ही नौका सुखरूप परतल्या. बचावासाठी बांधलेले साधन आक्रमणासाठी वापरण्याची ही योजना आमच्या मते आपल्या नौदलाच्या इतिहासातील सर्वांत कल्पक योजना आहे. नौदल दिन याच हल्ल्याच्या स्मरणार्थ साजरा होतो. त्याच युद्धात ९ डिसेंबरला आपली ‘खुक्री’ ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक हुतात्मा झाले. शाळांतील कार्यक्रमांत विजयाबरोबर त्यांचेही नाव घेतले जावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मुलांना खरी युद्धनौका आतून दाखवायची असेल तर कोठे जावे? (नांदेड)

आपल्यासाठी विशाखापट्टणम सोयीचे आहे. नांदेडहून तेथे थेट रेल्वे जाते. तेथील रामकृष्ण किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेली ही पाणबुडी सुमारे ९१ मीटर लांब असून एका टोकाने आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येते. आत गेल्यावर मुलांना पुढच्या व मागच्या टॉर्पेडोच्या नळ्या दाखवाव्यात आणि त्यानंतर खलाशांच्या झोपण्याच्या फळ्या कोठे बसवल्या आहेत ते पाहायला सांगावे. यंत्रे व शस्त्रे बसवून झाल्यावर माणसांसाठी किती जागा उरली, हे तेथे कोणी न सांगता कळते.